अमेरिकन सैन्यातले विविधता कार्यक्रम बंद : घटनेचा प्रश्न नेमका कुठे येतो?

रेवाकाठ (धागालेखिका)

व्हर्जिनियात नॉरफोकच्या आसपास राहणाऱ्याला हा विषय टाळता येत नाही. शेजारी नौदलात, पोहण्याच्या क्लासला मुलांना घेऊन येणाऱ्या निम्म्या आया नौदलात. गप्पांमध्ये दोनच सूर ऐकू येतात : 'हे सरळसरळ घटनाबाह्य आहे' किंवा 'आता कुठे सैन्य ताळ्यावर येतंय'. दोन्ही बाजूंना घटना उघडून बघितलेलं कुणी भेटत नाही, म्हणून हा काथ्याकूट.

आधी झालं काय ते. २० जानेवारी २०२५ ला शपथ घेतली त्याच दिवशी ट्रम्प यांनी केंद्र सरकारच्या सगळ्या खात्यांतले डीईआय, म्हणजे विविधता-समता-समावेशनाचे कार्यक्रम बंद करायचा आदेश काढला. २७ जानेवारीला खास सैन्यासाठी दुसरा आला, क्रमांक १४१८५. डीईआय कार्यालयं मोडीत काढा, वंश किंवा लिंग बघून कुणालाही झुकतं माप देऊ नका, हे त्यात आहेच. पण आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष गेलं. अमेरिका आणि तिचे स्थापनेचे दस्तऐवज ही मानवी इतिहासातली कल्याणाची सर्वांत मोठी शक्ती आहे, असं लष्करी अकादम्यांनी शिकवायचं. आणि ते दस्तऐवज वंशवादी किंवा स्त्रीद्वेष्टे आहेत, असं शिकवायचं नाही.

मग एकामागून एक सुरू झालं. ३१ जानेवारीला संरक्षणमंत्री हेगसेथ यांचं पत्रक : कृष्णवर्णीय इतिहास महिना, महिला इतिहास महिना वगैरे सरकारी वेळेत, सरकारी खर्चाने साजरे होणार नाहीत. फेब्रुवारीत वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीने कॅडेटांचे १२ क्लब बंद केले. त्यात कृष्णवर्णीय अभियंत्यांच्या संस्थेची शाखा होती, महिला अभियंत्यांची होती, आशियाई-पॅसिफिक मुलांचा मंच होता. २१ फेब्रुवारीला संयुक्त सेनाप्रमुख जनरल ब्राऊन आणि नौदलप्रमुख ॲडमिरल फ्रँकेटी यांना घरी पाठवलं. ब्राऊन कृष्णवर्णीय, फ्रँकेटी त्या पदावरची पहिली स्त्री. मार्चमध्ये संरक्षण खात्याच्या संकेतस्थळांवरून पानं गायब झाली : कृष्णवर्णीय बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन, आपल्या भाषेत सांकेतिक संदेश पाठवणारे नवाहो आदिवासी सैनिक (कोड टॉकर्स), दुसऱ्या महायुद्धातली जपानी-अमेरिकनांची ४४२ वी रेजिमेंट. ओरड झाल्यावर ती परत आली. हिरोशिमावर बॉम्ब टाकणाऱ्या 'एनोला गे' विमानाचे फोटोही काढायच्या यादीत सापडले. ते वैमानिकाच्या आईचं नाव, पण 'गे' शब्द शोधणाऱ्या यंत्राला कुठली आई आणि कुठला वैमानिक!

माझं मत आधीच सांगते. विविधता कार्यक्रम असलाच पाहिजे, असा हक्क अमेरिकेच्या घटनेत कुठेही नाही. सरकारने सुरू केला, सरकार बंद करू शकतं. खरी भानगड बंद करण्याच्या रीतीत आहे. वंश-लिंग बघून माणसं काढली का? विशिष्ट मताचीच पुस्तकं आणि धडे वेचून काढले का? संसदेने कायद्याने सोपवलेलं काम आदेशाने पुसलं का? आणि या सगळ्याविरुद्ध गणवेशातल्या माणसाने दाद मागायची ठरवली, तर मागायची कुठे?

मतं येऊ द्या. ट्रम्प चांगले की वाईट यासाठी वेगळे धागे पुष्कळ आहेत.

पेठकर

लेख नेटका आहे, पण सूर आधीच ठरलेला वाटला.

अमेरिकेची चौदावी घटनादुरुस्ती सगळ्यांना समान संरक्षण देते. २०२३ मध्ये हार्वर्डच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रवेशात वंश बघायचा नाही. मग लष्करी अकादमीत तो का बघावा? घटनेच्या विरोधात कुणी होतं तर ते जुनं धोरण. नव्या आदेशाने घटनाच लागू केली.

आणि या धोरणांची झळ कुणाला बसत होती? हार्वर्ड खटल्यात मार खाल्लेला गट कोणता होता ते बघा. आशियाई मुलं. म्हणजे आपलीच.

कोकणी_मिरची

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. पेठकर पहिल्याच प्रतिसादात, म्हणजे शंभरी नक्की.

रेवाकाठ

पेठकर, चौदावी दुरुस्ती राज्यांना बांधते. केंद्र सरकारला समानतेचं तत्त्व लागू होतं ते पाचव्या दुरुस्तीतून. हे १९५४ च्या बोलिंग विरुद्ध शार्प खटल्यात ठरलं. शाळांमधल्या वर्णभेदाचा गाजलेला ब्राऊन निकाल लागला, त्याच दिवशी. तुमच्या युक्तिवादाला त्याने धक्का लागत नाही, पण पत्ता बरोबर असलेला बरा.

हार्वर्डच्या निकालात मात्र चौथी तळटीप आहे. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी त्यात लष्करी अकादम्या बाजूला ठेवल्या. त्यांचं हित वेगळं असू शकतं, त्यावर आम्ही बोलत नाही, एवढंच म्हटलं. न्यायमूर्ती जॅक्सन यांनी विरोधी मतात यावरच बोट ठेवलं : कृष्णवर्णीयांना खंदकासाठी तयार करायचं तर वंश चालतो, कंपनीच्या बोर्डरूमसाठी चालत नाही, असा याचा अर्थ होतो.

मग हार्वर्डवर खटला भरणारी संस्थाच नौदल अकादमीविरुद्ध कोर्टात गेली. बाल्टिमोरच्या न्यायाधीश बेनेट यांनी ६ डिसेंबर २०२४ ला अकादमीच्या बाजूने निकाल दिला. खलाशांमध्ये सगळ्या वंशांची माणसं आणि अधिकारी मात्र बहुतेक गोरे, ही तफावत राष्ट्रीय सुरक्षेला घातक आहे, हे सरकारचं म्हणणं त्यांनी मान्य केलं. दोन महिन्यांत सरकार बदललं आणि अकादमीने स्वतःच ते धोरण सोडलं. अपील गुणदोषांपर्यंत पोचलंच नाही.

मला यातली मेख अशी दिसते. बेनेट यांनी सैन्याचं ऐकलं, कारण सैन्याच्या बाबतीत सरकारचा शब्द मानायचा असा कोर्टांचा रिवाज आहे. उद्या दुसऱ्या न्यायाधीशापुढे नवं सरकार उलटी गोष्ट घेऊन जाईल, आणि त्याच रिवाजाने तिचंही ऐकलं जाईल. विविधतावाल्यांनी ज्या खांबाला टेकून किल्ला लढवला, तो खांब त्यांचा कधीच नव्हता.

सुभेदार_सातारा

मी भारतीय सेनेत आयुष्य काढलं. सैन्यात जात, वर्ण, बाई, पुरुष काही नसतं. गोळी कुणाला विचारून लागत नाही. असले कार्यक्रम शहरातल्या कंपन्यांनी करावेत. आमच्या पलटणीत कधी कुणी विविधतेवर भाषण दिलं नाही. सर्वधर्मस्थळ होतं, मंदिर-गुरुद्वारा-मशीद-चर्च एका छताखाली. जवानांचा सण तो अधिकाऱ्याचा सण. साहेब कुठल्या का धर्माचा असेना, जवानाच्या देवापुढे उभा राहायचा. रेजिमेंटचा जयघोष सगळ्यांनी द्यायचा. एवढ्यावर आमचं भागलं.

कोकणी_मिरची

सुभेदारकाका, तुम्ही वर्णन केलंत त्याला पेंटागॉनमध्ये विविधता कार्यक्रमच म्हणत होते. फक्त पॉवरपॉइंट नव्हता.

सुभेदार_सातारा

पॉवरपॉइंट नव्हता म्हणूनच चाललं, ताई.

इतिहासवेडा

सुभेदारसाहेबांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण अमेरिकेत हे कार्यक्रम कंपन्यांच्या मनुष्यबळ खात्यातून सैन्यात आलेले नाहीत. प्रवास बराचसा उलटा आहे.

२६ जुलै १९४८ ला राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी आदेश ९९८१ काढला आणि सैन्यातला वर्णभेद संपवायला सांगितलं. शाळांचा ब्राऊन निकाल याच्या सहा वर्षांनंतरचा. हाही राष्ट्राध्यक्षाचा आदेशच होता, बरं का. संसदेकडून तेव्हा ते होण्यासारखं नव्हतं. तेव्हा आज 'आदेशाने हे कसं करता येईल' म्हणणाऱ्यांनी ट्रुमनना आठवावं.

कागदावरचा वर्णभेद गेला, बराकीतला राहिला. व्हिएतनाम युद्धात तो फुटून बाहेर आला. १९६८ मध्ये लाँग बिनच्या लष्करी तुरुंगात दंगल, १९६९ मध्ये कॅम्प लेजून, १९७१ मध्ये ट्रॅव्हिस हवाई तळ. ऑक्टोबर १९७२ मध्ये 'किटी हॉक' ही विमानवाहू नौका टोंकिनच्या आखाताकडे निघालेली असताना तिच्यावरच गोऱ्या-काळ्या खलाशांची रात्रभर मारामारी झाली, कित्येक जखमी झाले. खटले भरले गेले ते जवळजवळ सगळे काळ्या खलाशांवर.

या सगळ्याच्या मधोमध, १९७१ मध्ये, फ्लोरिडातल्या पॅट्रिक तळावर वंशसंबंध शिकवणारी संस्था उभी राहिली. संरक्षण खात्याचं समान संधीचं प्रशिक्षण पुढे तिथूनच चाललं. ती उभी करणारे सेनापती कुणी पुरोगामी चळवळे नव्हते. आपल्याच तळांवर आपलेच जवान एकमेकांची डोकी फोडतात, याचा धसका घेतलेली ती माणसं होती. २००३ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या प्रवेश खटल्यात निवृत्त जनरल-ॲडमिरलांनी प्रवेशात वंश बघू द्या असं निवेदन सर्वोच्च न्यायालयाला दिलं, त्यामागे याच आठवणी होत्या. न्यायमूर्ती ओकॉनर यांनी निकालात त्याचा आधारही घेतला.

पेठकर

इतिहासवेडा, प्रतिसाद आवडला. पण १९७१ चं औषध २०२२ मध्ये त्याच डोसाने चालू ठेवायचं का? कुठल्याही संस्थेत आधी अडचण येते, मग खातं येतं, मग खातं टिकावं म्हणून अडचणी शोधल्या जातात. आणि फक्त ट्रम्प यांनाच खटकलं असंही नाही. २०२४ च्या संरक्षण कायद्यात संसदेने सैन्यातल्या डीईआय पदांच्या भरतीला चाप लावला, पगारावर कमाल मर्यादा घातली. त्यावर सही बायडन यांची.

रेवाकाठ

हे खरं आहे, आणि मूळ लेखात यायला जागा होती. पण यानेच माझा मुद्दा पुढे जातो. सैन्याचे नियम करायचा अधिकार घटनेने संसदेला दिलाय, पहिल्या अनुच्छेदाच्या आठव्या कलमात. राष्ट्राध्यक्ष सरसेनापती आहे दुसऱ्या अनुच्छेदाने. संसद म्हणाली पगार कमी करा, तर तो तिचा हक्क. पण संसदेचा कायदा जागेवर असताना खात्याने तो हवा तेवढाच पाळायचा, हे कसं?

उदाहरण देते. 'महिला, शांतता आणि सुरक्षा' कायदा २०१७ चा. सही खुद्द ट्रम्प यांची. प्रतिनिधीगृहात तो मांडणाऱ्यांत पुढे ट्रम्प यांच्याच मंत्रिमंडळात गेलेल्या क्रिस्टी नोएम होत्या. एप्रिल २०२५ मध्ये हेगसेथ यांनी तोच कार्यक्रम बायडन यांचं खूळ म्हणून संरक्षण खात्यात बंद केल्याचं जाहीर केलं. आपल्याच साहेबांच्या सहीचा कायदा आहे हे लोकांनी दाखवून दिल्यावर म्हणाले, कायद्याला लागेल तेवढं किमान करू. १९५१ पासून चालत आलेली सैन्यातल्या स्त्रियांविषयीची सल्लागार समितीही त्याच वर्षी सप्टेंबरात गुंडाळली.

फोर्ट ब्रॅग या लष्करी तळाचं तर कौतुकच करावं. यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या बंडखोर सेनापतींची नावं तळांना नकोत असा कायदा संसदेने ट्रम्प यांचा नकाराधिकार उलथवून केला. नाव बदललं. २०२५ मध्ये ब्रॅग हेच नाव परत आलं, पण म्हणे हा वेगळा ब्रॅग, दुसऱ्या महायुद्धातला एक शिपाई. कायद्याचं अक्षर पाळलं आणि बंडखोर जनरलची पाटीही परत लागली.

मुक्ता_नागपूर

वकिली करते, म्हणून तुलनेचा मोह आवरत नाही.

आपल्या घटनेत अनुच्छेद ३३ आहे. सैन्यदलांतल्या लोकांचे मूलभूत हक्क किती मर्यादित करायचे, ते संसद कायद्याने ठरवू शकते, असं तिथे लिहून ठेवलंय. म्हणजे जवानाचा हक्क कुठे कमी होतो त्याचा पत्ता आहे, आणि कमी करणारी संस्थाही ठरलेली आहे. म्हणूनच १७ फेब्रुवारी २०२० च्या बबिता पुनिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालय सरकारला सांगू शकलं की बायकांच्या शरीराबद्दलचे तुमचे समज हा कायदा नव्हे, कायमस्वरूपी कमिशन द्या. पुढे एनडीएची दारं उघडली, आणि मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून मुलींची पहिली तुकडी, १७ जणींची, बाहेर पडली.

अमेरिकेच्या घटनेत अनुच्छेद ३३ सारखं काही नाही. तिथे सैनिकाचे हक्क कमी झाले ते न्यायालयांनी स्वतः मागे सरून. १९७४ च्या पार्कर विरुद्ध लेव्ही प्रकरणात सैन्य हा वेगळा समाज आहे असं म्हटलं. १९८१ मध्ये फक्त पुरुषांनी सक्तीच्या भरतीसाठी नाव नोंदवायचं, हा नियम उचलून धरला. १९८६ मध्ये ज्यू धर्माच्या हवाई दलातल्या कॅप्टनला डोक्यावर छोटी टोपी घालू दिली नाही. धर्मस्वातंत्र्य घटनेत असूनही.

पण पुढच्याच वर्षी संसदेने कायदा करून तशी टोपी घालायला परवानगी दिली! सैनिकाने दाद कुठे मागायची, या रेवाताईंच्या शेवटच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यात आहे. तिथल्या सैनिकाला कोर्टाने जितकं दिलं, त्याहून जास्त संसदेने दिलंय.

अवांतर : महाराष्ट्रातल्या वाचकाला हा विषय परका वाटू नये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिशांनी 'लढवय्या जाती' ठरवून महारांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा पलटण उभारली आणि युद्ध संपल्यावर मोडली. मग १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. 'सैन्यात फक्त गुणवत्ता' हे वाक्य सुभेदार रामजींच्या मुलाने, म्हणजे बाबासाहेबांनी, ऐकलं असतं, तर गुणवत्ता ठरवणारा कोण, हे त्याने आधी विचारलं असतं.

सुभेदार_सातारा

मुक्ताताई, महार रेजिमेंटबरोबर काम केलंय. आज तिथे सगळ्या जातींचे जवान आहेत आणि पलटण एक नंबर. तुमचा मुद्दा पोचला. माझा एवढाच की दार उघडलं की पुढचं जवानावर सोडा.

मुक्ता_नागपूर

काका, सहमत. दार उघडं आहे की नाही यावरच तर भांडण चाललंय.

ग्रंथाळू

पुस्तकांबद्दल कुणीच बोललं नाही अजून. ग्रंथालयात नोकरी करतो म्हणून मी बोलतो.

एप्रिल २०२५ मध्ये नौदल अकादमीच्या ग्रंथालयातून ३८१ पुस्तकं काढली. माया अँजेलो यांचं आत्मचरित्र गेलं, हिटलरचं आत्मचरित्र कपाटात राहिलं. पुढच्या महिन्यात फेरतपासणी झाली आणि बहुतेक पुस्तकं जागेवर आली. कॅडेट कोर्टात गेले नाहीत. जातील कसे, पुढची सगळी नोकरी त्याच लोकांच्या हाताखाली!

कोर्टात गेली ती मुलं. अक्षरशः मुलं. संरक्षण खातं सैनिकांच्या मुलांसाठी जगभरात दीडशेहून जास्त शाळा चालवतं. तिथूनही याच आदेशांचा हवाला देऊन जवळपास सहाशे पुस्तकं काढली, वंश आणि लिंगभावाशी जोडलेले धडे वगळले, कृष्णवर्णीय इतिहास महिन्याचे कार्यक्रम रद्द केले. सहा कुटुंबांतल्या १२ विद्यार्थ्यांनी एसीएलयू या नागरी हक्क संघटनेच्या मदतीने व्हर्जिनियातल्या केंद्रीय न्यायालयात दावा लावला. मुलं अल्पवयीन, म्हणून दाव्याचं नाव नुसती आद्याक्षरं : ई. के. सरकार म्हणालं, शाळेच्या ग्रंथालयात काय ठेवायचं हे सरकारचं स्वतःचं बोलणं आहे, त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणारी पहिली घटनादुरुस्ती लागत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायाधीश जाइल्स यांनी ते फेटाळलं. फिर्यादी मुलांच्या शाळांमध्ये पुस्तकं परत ठेवा, असा अंतरिम आदेश दिला. बाकीच्या शाळांना तो लागू नाही.

म्हणजे बापाला जे मागता आलं नाही, ते मुलाने मागितलं. बाप गणवेशात आहे, मुलगा नाही.

पेठकर

ग्रंथाळू, पुस्तकांच्या बाबतीत तुमच्याशी सहमत. पुस्तकं काढणं मला कधीच पटणार नाही, कुठल्याही सरकारने काढली तरी. पण एक सांगा, आधीच्या काळात सैनिकांना जी सक्तीची प्रशिक्षणं दिली, त्यात एका बाजूचीच मतं नव्हती? तेव्हा पहिली दुरुस्ती कुठे होती?

ग्रंथाळू

प्रश्न रास्त आहे. माझ्या मते प्रशिक्षण आणि ग्रंथालय यांत फरक करावा लागेल. वर्गात काय शिकवायचं ते मालक ठरवतो, आधीचाही आणि आताचाही. ग्रंथालयात कुणावर काही वाचायची सक्ती नसते, म्हणून तिथून वेचून काढण्याला मत दडपण्याचा वास जास्त येतो. शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तकं काढण्याबद्दलच्या १९८२ च्या पिको निकालात न्यायमूर्ती याच मुद्द्यावर इतके विभागले होते की बहुमताचं एक मत तयारच झालं नाही. त्यामुळे जाइल्स यांचा आदेश वर टिकेलच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

रेवाकाठ

ग्रंथाळूंच्या बाप-मुलाच्या वाक्यावरून १९८३ चा चॅपेल विरुद्ध वॉलेस खटला आठवला. माझ्या चौथ्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे.

नौदलातल्या पाच खलाशांची तक्रार होती की ते गोरे नाहीत म्हणून त्यांचे अधिकारी त्यांना नको ती कामं देतात, शेरे वाईट मारतात, शिक्षा जास्त करतात. घटनेखाली भरपाईचा दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, वरिष्ठ अधिकाऱ्याविरुद्ध असा दावा सैनिकाला लावता येणार नाही. भेदभाव झाला की नाही, तिथपर्यंत गाडी गेलीच नाही. कारण काय दिलं? संसदेने सैन्यात स्वतंत्र तक्रार आणि न्यायव्यवस्था उभी केली आहे, सैनिकाने ती वापरावी. नोकरीतल्या भेदभावाचा १९६४ चा नागरी हक्क कायदाही गणवेशातल्यांना लागू नाही, असं खालच्या कोर्टांनी ठरवलंय. पेंटागॉनमधल्या साध्या कारकुनाला तो लागू आहे.

आता ३० सप्टेंबर २०२५ कडे या. व्हर्जिनियातल्या क्वांटिको तळावर जगभरातले जनरल आणि ॲडमिरल बोलावून हेगसेथ यांनी भाषण केलं. दाढी आणि वजन यांवर बातम्या झाल्या. मला महत्त्वाचं वाटलं ते तक्रारींबद्दलचं. भेदभावाच्या तक्रारींची व्यवस्था बदलायची, निनावी तक्रारी घ्यायच्या नाहीत, वारंवार तक्रार करणाऱ्यांना आळा घालायचा. त्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. खोट्या तक्रारीने वर्षभर बढती अडकलेले अधिकारी मी ऐकून आहे. पण कोर्टाने ४० वर्षांपूर्वी आपलं दार लावलं ते आतलं दार उघडं आहे या भरवशावर. आतलं दार अरुंद केलं, तर तो भरवसा कशावर उरतो? माझ्या लेखी घटनेचा खरा प्रश्न हा आहे. क्लब बंद झाले, महिने बंद झाले, ते दुःखद असेल, घटनाबाह्य नाही.

ब्राऊन-फ्रँकेटी यांच्याबद्दलही तेच. वंशामुळे काढलं हे सिद्ध करणं जवळजवळ अशक्य आहे, सरसेनापतीला सेनापती निवडायचा अधिकार आहे. हेगसेथ यांनी मंत्री व्हायच्या आधीच एका पॉडकास्टवर ब्राऊन यांना काढलं पाहिजे असं म्हटलं होतं, आणि डीईआयमध्ये गुंतलेल्या कुठल्याही जनरलला. याला राजकारण म्हणा, खटला उभा राहणार नाही.

कोकणी_मिरची

दाढीचं सांगा ना. आमच्याकडे शीख शेजारी आहेत, त्यांचा मुलगा भरती व्हायचं म्हणतोय.

मुक्ता_नागपूर

दाढीत दोन वेगळे प्रश्न आहेत. एक वैद्यकीय : रोज तुळतुळीत दाढी केली की कुरळे केस त्वचेत वळून फोड येतात, हा त्रास कृष्णवर्णीय पुरुषांना कितीतरी जास्त होतो. त्यांना मिळणारी सूट आता कडक झालीय. नियम सगळ्यांना सारखा, चटका एका गटाला. पण नुसता परिणाम वेगळा झाला म्हणून घटनाभंग होत नाही, तसा हेतू दाखवावा लागतो. तेव्हा कोर्टात हे अवघड.

शिखांचं वेगळं. त्यांच्यामागे १९९३ चा धर्मस्वातंत्र्य पुनर्स्थापना कायदा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने याच कायद्याखाली मरीन दलाला शीख उमेदवारांना केस-दाढीसह प्रशिक्षणात घ्यायला लावलं. पुन्हा तेच बघा, संसदेचा कायदा असला की सैनिकाच्या हाताला काहीतरी लागतं. नवे दाढीचे नियम त्या कायद्यापुढे कसे टिकतात ते कोर्टात दिसेलच. शेजाऱ्यांना सांगा, धार्मिक सवलतीचा अर्ज सही करायच्या आधी आणि लेखी करायचा.

इतिहासवेडा

शिखांवरून भगतसिंग थिंड. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात पगडी घालून होते. १९१८ मध्ये गणवेशातच नागरिकत्व मिळालं आणि काही दिवसांत काढून घेतलं. पुन्हा अर्ज, पुन्हा खटला. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते 'गोरे' नाहीत म्हणून विरोधात निकाल दिला. अखेर १९३६ मध्ये नागरिकत्व मिळालं ते पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांसाठी संसदेने केलेल्या कायद्यामुळे. मुक्ताताईंच्या सिद्धांताला आणखी एक पुरावा.

पेठकर

तृतीयपंथी सैनिकांचा विषय सगळे सोयीस्करपणे टाळतायत.

रेवाकाठ

टाळला नाही, तृतीयपंथीयांना सैन्यात बंदी घालणारा तो वेगळा आदेश आहे, २७ जानेवारीचाच. मार्च २०२५ मध्ये वॉशिंग्टन शहरात आणि टकोमात दोन न्यायाधीशांनी ती बंदी रोखली. ६ मे ला सर्वोच्च न्यायालयाने टकोमाचा मनाई आदेश स्थगित करून बंदी लागू होऊ दिली, खटला चालू असतानाच. इथे कार्यक्रम बंद झालेला नाही, नोकरीत असलेली माणसं बाहेर काढली जात आहेत. त्यामुळे समान संरक्षणाचा प्रश्न सगळ्यांत थेट इथेच आहे. त्यावर स्वतंत्र धागा काढा, मी येते.

न्यूजर्सीकर

उशिरा आलो, सगळं वाचलं. मला हा विषय घरचा आहे. मुलगी अकरावीत, नौदल अकादमीच डोक्यात आहे. वंश बघणं बंद झालं याचा तिला कदाचित फायदाच होईल, पेठकर म्हणतात तसा. पण जिथे ती जाणार, तिथे सर्वोच्च पदावर पोचलेली पहिली बाई कारण न सांगता काढली गेली, हेही तिने वाचलंय. ती मला विचारते, आणि माझ्याकडे दोन्ही बाजूंनी धड उत्तर नाही. माझा साधा प्रश्न : आत गेल्यावर काही झालंच, तर तिने करायचं काय?

मुक्ता_नागपूर

दादा, अमेरिकन कायद्यातली मी तज्ज्ञ नाही, पण ठळक गोष्टी सांगते. लष्करी न्यायसंहितेत कलम १३८ आहे, त्याखाली आपल्या कमांडिंग अधिकाऱ्याने अन्याय केला अशी लेखी तक्रार करता येते. महानिरीक्षक आहे. आणि संसद सदस्याला पत्र लिहायला सैनिकाला कुणी अडवू शकत नाही, लिहिलं म्हणून सूड घेणं कायद्याने मना आहे. तुमच्या बाबतीत हे जरा सोपं पडेल. नौदल अकादमीत जायला शिफारसच मुळात आपल्या भागातल्या प्रतिनिधीची किंवा सिनेटरची लागते ना? म्हणजे ते ऑफिस तिला आधीच ओळखत असेल.

रेवाकाठ

अगदी. आमच्या इथे अनुभवी आईबाप नवीन पालकांना हेच सांगतात. शिफारशीसाठी त्या ऑफिसात गेलात की तिथे लष्करी कामं बघणारी व्यक्ती कोण ते विचारून ठेवा.

न्यूजर्सीकर

धन्यवाद. शिफारशीचा अर्ज ती स्वतःच भरतेय, मला बघूही देत नाही. सध्या घोडं शारीरिक चाचणीवर अडलंय. गुडघ्यावर बसून बास्केटबॉल फेकायचा असतो, तो काही लांब जाईना. कुणाला काही युक्ती माहीत असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सुभेदार_सातारा

व्यनि केला आहे. खांद्याचे व्यायाम लिहून दिलेत. रोज पहाटे.